फ्लेअर नट पाना पारखायचा तो तोंडावर, नंबरावर नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: अल्टोच्या मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) बदलायचा होता. ब्रेक पाइपचा नट सोडवायला मुद्दाम नवा दहाचा फ्लेअर नट पाना आणला, तरीही नट गोल झाला. चूक हाताची की पान्याची? आणि दुसरा घ्यायचा तर दुकानात उभं राहून चांगला-वाईट ओळखायचा कसा, सगळ्यांवर दहाच तर लिहिलेलं असतं?

मी रत्नागिरीत तीस वर्षांहून जास्त काळ ब्रेकचं काम करतो. इथे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारा वारा, त्यामुळे गंजलेला ब्रेक नट आमच्या रोजच्या कामातला. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या बाबतीत मी पहिला संशय पान्यावर घेईन. हाताची चूकही असू शकते, त्याकडे पुढे येतो.

आधी हा पाना मुळात काय आहे ते नीट डोळ्यांसमोर आणा. तो एक रिंग पाना आहे, फक्त पाइप आत शिरावा म्हणून त्याची एक बाजू कापलेली असते. ब्रेकच्या नटातून पाइप आरपार गेलेला असल्यामुळे साधी रिंग वरून घालता येत नाही. फिक्स पाना बाजूने बसतो, पण तो समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो आणि सगळा जोर दोन कोपऱ्यांवर टाकतो. ब्रेकचा नट असतो मऊ पोलादाचा, लहान, आणि आतून पोकळ. फिक्स पान्याने जोर दिला की कोपरा तर झिजतोच, शिवाय नट चिमटीत धरल्यासारखा दाबला जाऊन आतल्या पाइपला आवळून बसतो. मग जितकं फिरवावं तितका तो जास्त अडकतो. फ्लेअर नट पाना पाच बाजूंनी धरतो, म्हणून तो हवा.

आता यातली मेख. रिंग पूर्ण असते तोवर ती फाकत नाही. तिची एक बाजू कापली की तिचा घोड्याचा नाल होतो, आणि जोर आला की नाल फाकतो. पोलाद हलकं असेल, डोक्याची भिंत बारीक असेल किंवा तोंड गरजेपेक्षा जास्त रुंद कापलेलं असेल, तर पाना ऐन वेळी उघडतो आणि नटाच्या कोपऱ्यांवरून सरकतो. दिसायला फ्लेअर नट पाना, पण काम फिक्स पान्याचं. नव्या पान्याने नट गोल होतो तो बहुतेक वेळा असाच.

मी स्वतः हे एका गणपतीत शिकलो. तेव्हा नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. मुंबईहून गावी आलेल्या एका कुटुंबाची गाडी, मागच्या चाकात ब्रेक ऑइल गळत होतं, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. बाजारातून चकचकीत सहा पान्यांचा सेट आणला होता, त्यातला दहाचा लावला. ‘कट्’ असा आवाज आला, मला वाटलं नट सुटला. पाना काढून बघतो तर नटाचे कोपरे गेले होते आणि पान्याचं तोंड डोळ्यांना दिसेल इतकं फाकलं होतं. पाइप कापावा लागला, नवा पाइप दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला, आणि ती माणसं लहान मुलांसकट एक रात्र जास्त थांबली. त्यानंतर मी एकही पाना न पारखता घेतलेला नाही.

पारखायची माझी पद्धत सोपी आहे. दुकानात जाताना खिशात दहाची एल की (एल आकाराची षटकोनी चावी) ठेवा. तिचं सहा बाजूंचं माप चांगलं नेमकं असतं आणि ती कडक असते, म्हणून नव्या नटाच्या जागी ती उत्तम चालते. अकराच्या पान्यासाठी अकराचा नवा, न वापरलेला ब्रेक नट ठेवा. गंजका जुना नट नेऊ नका, त्याच्यावर कुठलाच पाना नीट वाटणार नाही.

एल की एका हातात घट्ट धरायची, पाना तिच्यावर घालायचा आणि दांडा इकडून तिकडे हलवायचा. जोर लावायचा नाही, नुसती मोकळी हालचाल बघायची. डोक्याच्या मध्यापासून पंधरा सेंटिमीटरवर दांड्याचं टोक किती सरकतं ते पट्टीवर मोजा. चांगला पाना एक सेंटिमीटरच्या आत थांबतो. टोक दोन सेंटिमीटरच्या आसपास फिरलं तर पाना तसाच परत ठेवा. यामागचं गणित असं: एल की साधारण ९.९५ मिमी भरते. पान्याचं माप १०.१ असेल तर तो दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ३ अंश मोकळा फिरतो, आणि १०.३ असेल तर ७ अंशांच्या वर. म्हणजे मापात फरक फक्त ०.२ मिमीचा, पण मोकळीक दुपटीहून जास्त. ही मोकळीक जितकी जास्त तितका पाना नटाच्या सपाट बाजूवर कमी आणि कोपऱ्याच्या अगदी टोकावर जास्त टेकतो. नट गोल व्हायला तिथूनच सुरुवात होते. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) असेल तर आतलं माप थेट घ्या, पण दांडा हलवून जे कळतं ते बहुतेक वेळा पुरतं, आणि दुकानदारालाही लगेच दिसतं.

यानंतर तोंड. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, आणि नेमकं इथेच कुणी बघत नाही. दहाच्या षटकोनाची एक बाजू सुमारे ५.८ मिमी लांब असते. आपल्या बहुतेक गाड्यांचा ब्रेक पाइप ४.७५ मिमीचा, म्हणजे ३/१६ इंचाचा असतो. वरून प्लास्टिकचा थर असला तर थोडा जाड. म्हणजे एक बाजू कापून जी फट मिळते, तेवढ्यातून पाइप सहज जातो, आणि उरलेल्या पाचही बाजू पूर्ण शाबूत राहतात. स्वस्त पान्यांत ही फट सात-आठ मिमीपर्यंत कापलेली दिसते. का, तर तोच साचा मोठ्या पाइपलाही चालावा म्हणून, किंवा कापताना काळजी घेतली नाही म्हणून. फट रुंद झाली की शेजारच्या दोन बाजूंची टोकं उडतात. पाना नटाला टेकतो तो बाजूच्या मधोमध नाही, कोपऱ्याजवळ. त्यामुळे टोक उडालेली बाजू एका दिशेने काही कामाची उरत नाही. पाच बाजूंचे पैसे देऊन हातात येतात चार. शिवाय फट जितकी मोठी तितका नाल फाकायला सोपा.

दुकानात एवढंच करा: तोंडाकडून पाना डोळ्यांसमोर धरा आणि फटीच्या दोन्ही बाजूंना आतला कोपरा शाबूत दिसतो का ते बघा. फटीच्या ओठांशी कोपऱ्याची रेष आत दिसली तर ठीक. कोपरा मधूनच कापला गेलेला दिसला तर नको.

बारा कोपऱ्यांचा फ्लेअर नट पानाही मिळतो. दांडा फिरवायला जागा कमी असेल तिथे तो सोयीचा असतो, कारण त्याला जास्त जागी पकडता येतं. मोठ्या, धड नटावर मी तो वापरतो. पण ब्रेकच्या लहान मऊ नटाला सहा कोपऱ्यांचाच घ्यावा. जागेची अडचण असेल तर डोकं दांड्याशी पंधरा अंश तिरकं असलेला शोधा. तो उलटा करून लावला की तीस अंशांच्या फिरकीतही काम पुढे सरकतं.

डोक्याची जाडी दोन्हीकडून बघायची असते. पातळ डोकं नटाची निम्मी उंचीच धरतं आणि तिरकं झालं की सटकतं. फार जाड डोकं कॅलिपरजवळच्या (डिस्क ब्रेकच्या पकडीजवळच्या) अडचणीत शिरत नाही. नटाची जेवढी उंची तेवढी डोक्याची जाडी, हे माझं माप. पण नुसती बाहेरून जाडी बघून फसू नका. नट आत सहज शिरावा म्हणून आतल्या कडेला उतार दिलेला असतो. काही पान्यांत हा उतार दोन्ही बाजूंनी इतका असतो की सात मिमीच्या डोक्यात खरी धरणारी भिंत चार मिमीच उरते. बोटाचं नख आतून फिरवा, उतार कुठे संपतो ते लगेच जाणवतं.

पोलादाबद्दल थोडंच सांगतो. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम कोरलेलं असतं. त्यावरून धातू कोणता ते कळतं, पण त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलंय, ते कळत नाही, आणि पान्याचा जीव पाण्यात असतो. कमी पाणी दिलेला फाकतो, जास्त दिलेला तडकतो. घरी आणल्यावर दांड्याच्या टोकाला कानस घासून बघा. कानस सरसर माती उकरल्यासारखी चावत असेल तर पाना मऊ आहे. क्रोमचा मुलामा जाड आणि आत कोपऱ्यांत साचलेला असेल तर तेही वाईट, तो पापुद्र्याने सुटतो आणि मापही बिघडवतो. अशा कापलेल्या रिंग पान्यांसाठी डीआयएन ३११८ हे जर्मन मानक आहे. हाझेट, स्टालव्हिले यांच्यासारखे जर्मन पाने त्या मापात बनतात. परवडले तर डोळे मिटून घ्या. परवडत नसतील तर आपल्याकडे जालंधर-लुधियानाकडचा मालही चांगला मिळतो, फक्त एकेक पाना हातात घेऊन निवडायला हवा. एकाच कंपनीच्या एकाच खोक्यातले दोन दहाचे पाने मी मोजले आहेत, आणि एक घेतला, एक परत ठेवला आहे.

म्हणून सेट घेऊ नका. रोजच्या ब्रेक कामाला दहा आणि अकरा हे दोन नंबर सगळ्यात जास्त लागतात, त्यानंतर बारा-तेरा. सेटच्या पैशात दहाचा आणि अकराचा उत्तम घ्या, बाकीचे गरज पडेल तसे.

घरी आणल्यावर एक शेवटची परीक्षा करा, कारण फाकणं दुकानात कळत नाही. दहाची एल की व्हाइसमध्ये पक्की बांधा, आखूड तुकडा बाहेर आडवा राहील अशी. त्यावर पाना असा घाला की दांडाही आडवा राहील. फटीची रुंदी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. मग मध्यापासून पंधरा सेंटिमीटरवर दहा लिटर पाण्याने भरलेला कॅन दोरीने टांगा. एवढ्याने साधारण १५ न्यूटन मीटर जोर येतो, आणि लहान ब्रेक नट आवळायलाही जवळपास तेवढाच लागतो. कॅन टांगलेला असतानाच फट पुन्हा मोजा, आणि कॅन काढल्यावर तिसऱ्यांदा. चांगल्या पान्यात जेमतेम फरक दिसतो आणि कॅन काढला की माप जिथल्या तिथे येतं. कॅन काढल्यावरही फट वाढलेलीच राहिली, तर जो पाना नुसत्या आवळण्याच्या जोराला टिकत नाही तो गंजलेला नट काय सोडवणार? तो त्याच दिवशी बिलासकट परत द्या.

नंबराचा घोळही तपासून घ्या, तो अनेकांना नडतो. मारुतीत ब्रेक पाइपचा नट दहाचा. चाकणला बनलेल्या पोलोसारख्या युरोपीय धाटणीच्या गाड्यांत तो अकराचा, जरी आटे दोन्हीकडे १० मिमीचेच असले तरी. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंची, ७/१६. ७/१६ म्हणजे ११.११ मिमी. तिथे अकराचा पाना कधी बसतो, कधी अडतो, आणि अडला की लोक बारा लावतात. बाराने तो नट एका झटक्यात जातो. अशा गाडीला ७/१६ चाच पाना हवा. दुसरीकडे, गंजलेला नट घासून साफ केल्यावर दहाचा ९.७ भरतो असंही होतं. त्याला जगातला कुठलाही चांगला पाना ढिलाच बसणार, आणि तिथे दोष पान्याला देऊ नये.

मिरकरवाड्याच्या बंदरातल्या होड्यांची डिझेल इंजिनं करणारे इंजेक्टर पाइपच्या सतरा-एकोणीसच्या नटांना हेच पाने वापरतात. तिथे जोर बराच जास्त लागतो, म्हणून डोक्याची भिंत भरीव हवी. एसीवाल्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे पितळी नट आणि सुताचा हिशेब (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग): दोन सूत पाइपला सतराचा नट, तीन सूतला बावीसचा. चार सूतला मात्र जुन्या आर-२२ गॅसच्या मशीनवर चोवीसचा आणि आर-४१०ए किंवा आर-३२ वर सव्वीसचा भेटतो, तेव्हा आधी मोजून मग पाना उचलावा.

आता हाताकडे येतो. पाना उत्तम असूनही नट जाऊ शकतो, जर तो आधी साफ केला नसेल. तारेच्या ब्रशने नटाच्या सहाही बाजू आणि नटामागचा पाइप घासून घ्या. बाजूंवर गंजाचे पापुद्रे असतील तर पाना पूर्ण आत बसत नाही. मग गंज सोडवणारं तेल मारा, नटाच्या पुढच्या तोंडाशी आणि मागे पाइप जिथे नटात शिरतो तिथेही. मागची जागा लोक विसरतात. आमच्या कोकणात आट्यांपेक्षा पाइपच नटाला जास्त धरून बसतो. तेल मारून रात्रभर ठेवता आलं तर फार चांगलं. सोडवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने झटका द्या, मग उलटा. नट हलला की पाइपकडे बघा. पाइप नटाबरोबर पिळतोय असं दिसलं तर तिथेच थांबा, पुन्हा आवळा, तेल मारा, पुन्हा थोडं सोडा. पाइपवर एकदा पीळ पडला की तो बदलावाच लागतो.

पान्याचा मागचा भाग भरीव असतो आणि तोंडाकडचे दोन ओठ कमकुवत. त्यामुळे पाना नटावर पूर्ण मागेपर्यंत सरकवून, नटाशी काटकोनात धरून मगच जोर द्या. दांड्याला टामी किंवा पाइप लावून लांबी वाढवू नका. साधा दांडा पुरत नसेल तर जोर वाढवायचा नाही, पद्धत बदलायची. ज्योत तर अजिबात नको. ब्रेक ऑइल पेटतं, आणि शेजारी रबरी होज आणि सील असतात.

तुमचा नट आधीच गोल झालेला आहे, तेव्हा पुढचं सांगतो. व्हील सिलिंडर नाहीतरी बदलायचा आहे. तेव्हा पाइप वाचवायचा असेल तर उलटा मार्ग घ्या: सिलिंडरचे मागचे बोल्ट काढा आणि नट लॉकिंग प्लायरने घट्ट धरून सिलिंडरच फिरवून सोडवा. दोन्ही हातांना जागा मिळते आणि पाइपवर पीळ येत नाही. चाकाशी जागा पुरत नसेल किंवा पाइपही गंजून पातळ झाला असेल, तर त्याचा मोह सोडा. नटाच्या अगदी मागे पाइप कापून टाका. पाइप गेला की नटावर साधी सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट) वरून पूर्ण बसते, आणि जो नट तासभर छळत होता तो बहुतेक वेळा पहिल्या झटक्यात सुटतो. नवा पाइप डबल फ्लेअरचाच, म्हणजे तोंड दुहेरी दुमडून फुलवलेलाच, लावा. नवा नट सुरुवातीचे तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके धरलेत, पाना लावून ढकलू नका.

हवा काढून झाल्यावर इंजिन चालू ठेवून कुणाला तरी पेडल मिनिटभर दाबून धरायला सांगा, आणि तुम्ही नटाभोवती कोरडा पांढरा कागद फिरवा. कागदावर ओलसर डाग आला तर नट अजून थोडा आवळा आणि पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही डाग आला तर आणखी आवळू नका, फ्लेअर नीट बसलेला नाही. पाइप उतरवून फ्लेअरचं तोंड तपासा.